अक्का चित्राला बसल्या

"तू चेहरा रंगवत नाहीस, गिलावा करतेस," असं सर मला सगळ्यांसमोर म्हणाले तेव्हा माझ्या हातात ब्रश होता म्हणून बरं. लाटणं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. एक्कावन्न वर्षांची बाई मी. पंचवीस वर्षं तंजावर पद्धतीची चित्रं काढतेय, माझ्या हातचे बाळकृष्ण पार सिंगापूरपर्यंत लोकांच्या देवघरात बसलेत, आणि हा माणूस मला गवंडी म्हणतो.

पण खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं खरं होतं. तंजावर चित्रात सगळी कलाकुसर दागिन्यांची. फळीवर कापड ताणायचं, खडूच्या भुकटीने मुकुट-हार उठवायचे, त्यावर सोन्याचा वर्ख, मधे रंगीत खडे. चेहऱ्याला एकच गुळगुळीत रंग आणि कडेने जराशी सावली, की झाला देव. देवाला सुरकुती नाही, डाग नाही, जागरणाने सुजलेले डोळे नाहीत. मी कराडची, लग्न होऊन कुंभकोणमला आले. भाषा येईना, दिवस सरेना, म्हणून शेजारच्या बाईंकडे हे शिकले आणि त्यातच रमले. लेक शिकायला चेन्नईला गेली तेव्हा वाटलं, देव पुष्कळ झाले, आता माणसं काढून बघावीत.

सर चित्रकलेच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. साक्कोट्टैच्या रस्त्याला त्यांचं घर, आणि गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली आम्ही नऊजण. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे सगळे बारीक ब्रश काढून घेऊन बिस्किटाच्या डब्यात टाकले आणि प्रत्येकाला दोन बोटं रुंदीचा एक-एक ब्रश दिला. तैलरंग. फटकारा मारायचा आणि हात काढून घ्यायचा, घोटायचं नाही. सावली म्हणजे काळा नव्हे, सावलीत जांभळा असतो, हिरवा असतो, डोळे उघडून बघा. हे सगळं तमिळमध्ये, आणि चढ्या आवाजात. मी मान डोलवायचे आणि त्यांची पाठ वळली की गाल घोटून गुळगुळीत करायचे. सवय मेली जात नाही.

वर्ग संपताना सगळ्यांची चित्रं एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तीन दिवस लावायची होती. त्यासाठी प्रत्येकाने एक जिवंत माणूस समोर बसवून काढायचा, फोटोवरून काढलेलं चालणार नाही, असं सरांनी बजावलं. माझ्याकडे जिवंत माणसं दोन. नवरा खुर्चीत बसला की पाचव्या मिनिटाला घोरतो. आणि दुसऱ्या अक्का. त्यांना विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. सगळं घर त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही. वय त्रेसष्ट. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या अंगावर कोड उठलं, आणि मी लग्न होऊन आले तोवर ते अर्ध्या तोंडावर, मानेवर, हातांवर पसरलेलं होतं. लग्न झालं नाही. आडुतुरैच्या एका शाळेच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, रोज बसने जाऊन-येऊन. स्वाभिमानी बाई, जिभेला धार. पण घरात कॅमेरा निघाला की त्यांना नेमकं स्वयंपाकघरात काम निघतं. आमच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बमात त्या कुठेही नाहीत. पाहुणे आले की खुर्ची अशी धरून बसतात की उजवा गाल भिंतीकडे राहील. आणि सव्वीस वर्षांत माझ्या तोंडून त्यांच्यासमोर कोड हा शब्द एकदाही निघाला नव्हता. घरात कोणाच्याच निघत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर मी नवऱ्याची मनधरणी करत होते आणि तो "अगं, माझा चेहरा काय काढण्यासारखा आहे" म्हणत होता. अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी बसते."

इथे एक सांगायला हवं. अक्कांची मराठी जुनी, तंजावरी. तीन शतकांपूर्वी इकडे आलेल्यांची, तमिळच्या चालीवर बोललेली. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्ही दोन ओळी वाचाल नि मिटून ठेवाल, म्हणून मी ती आपल्या मराठीत सांगते. ठसका मात्र त्यात उतरत नाही, त्याला माझा इलाज नाही.

"अक्का, ते हॉलमध्ये लावतात," मी म्हटलं. "सगळं गाव येतं."

"ते नंतरचं. पूर्ण झाल्यावर मला दाखव, मग मी सांगेन लावायचं की नाही. आधी नाही दाखवायचं."

ज्या बाईने चव्वेचाळीस वर्षं कोणाला धड बघू दिलं नाही, ती माझ्यासमोर उजेडात बसणार. हे बिघडलं तर त्या पुन्हा कोणासमोर बसणार नाहीत, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि बिघडवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

सोमवारपासून चार सकाळी, आठ ते नऊ, असं ठरलं. माडीवरची पूर्वेची खोली, हिरव्या भिंतींची. अक्का तपकिरी रेशमी साडी नेसून आल्या, केसांना तेल, कपाळावर कुंकू. पावडरचा कण नाही. खुर्चीत बसल्या आणि थेट माझ्याकडे बघायला लागल्या. भिंतीकडे तोंड नाही, पदर नाही. मीच डोळे खाली केले.

तो पहिला दिवस नुसता चेहऱ्याच्या रेघा आखण्यात गेला. दुसऱ्या दिवशी रंग. गव्हाळ भाग मी बऱ्यापैकी बसवला. मग डाग. मी नळीतला पांढरा घेतला आणि उजव्या डोळ्याखाली, गालावर, हनुवटीवर तीन-चार फटकारे मारले. मागे सरून बघितलं. चेहऱ्याला भोकं पडली होती. पोपडे निघालेल्या भिंतीसारखं दिसत होतं ते. समोर अक्का ताठ बसलेल्या, आणि इकडे मी त्यांचं हे असं करून ठेवलेलं.

त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही. मी मनाशी म्हटलं, आपल्या हातून कोणाचं व्यंग मोठं होऊ नये. बाईने विश्वासाने बसावं आणि आपण तिला तिचंच वैगुण्य चितारून दाखवावं, हा कुठला न्याय. तिसऱ्या दिवशी मी हाताला सवयीचा असलेला रंग कालवला. गेरू, पिवळा, थोडा पांढरा. देवीच्या चेहऱ्याला लावते तोच. आणि डागांवरून फिरवला. ब्रश रुंद होता तरी घोटून घोटून कडा मिटवल्या. चौथ्या दिवशी डोळे, ओठ, कुंकू. झालं.

नवऱ्याला दाखवलं. "अक्का लहानपणी अशीच होती गं," म्हणाला, आणि त्याचा आवाज जड झाला. मला अस्मान ठेंगणं झालं. मी पळतच जाऊन अक्कांना बोलावून आणलं.

त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. खालच्या रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली, कोपऱ्यावरून वळली, तिचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी अक्का बघतच होत्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी हसले. मला वाटलं, कौतुकाने विचारताहेत.

"हसू नकोस. विचारतेय मी. ही कोण?"

"तुम्हीच की अक्का."

"मला विसाव्या वर्षी एकदा फोटोच्या स्टुडिओत नेलं होतं," त्या म्हणाल्या. "आप्पांनी. तेव्हा डाग एवढेच होते, रुपयाएवढे दोन. स्टुडिओवाल्याने फोटो छापल्यावर बारीक ब्रशने ते भरून टाकले. छान दिसत होते मी त्यात. तो फोटो मुलाकडे गेला, पसंती आली. मग माणसं बघायला आली. मी कॉफी घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोटोकडे बघितलं आणि आप्पांना म्हणाली, तुम्ही आम्हाला फसवलंत. कॉफीला हात न लावता उठून गेले सगळे. आप्पा त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत हात जोडत गेले."

घरात आजवर मला सांगितलं होतं की पत्रिका जुळली नव्हती. नवऱ्याकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता. त्यालाही ठाऊक नसावं.

"त्या स्टुडिओवाल्याला तरी मी कोण हे माहीत नव्हतं," अक्का म्हणाल्या. "तू सव्वीस वर्षं माझ्या पंगतीला जेवतेस."

आणि खाली निघून गेल्या. करायला गेले गणपती नि झाला मारुती. पण ही म्हण तेव्हा सुचली नाही. तेव्हा नुसतं थोबाडीत बसल्यासारखं गरगरलं.

मग चार दिवस अबोला. मी कॉफीचा पेला नेऊन ठेवायचे, तो रिकामा परत यायचा, शब्द नाही. नवरा म्हणाला, दोघींच्या मधे पडून मार कशाला खाऊ, आणि लवकर ऑफिसला जाऊ लागला. आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस मला पश्चात्ताप बिश्चात्ताप काही झाला नाही. राग आला. मी काय वाईट केलं होतं? चांगलं दिसावं म्हणूनच केलं ना? ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, अशी भांडी आपटत मी घरभर फिरत होते. तिसऱ्या दिवशी भांडी आपटायचा कंटाळा आला आणि मग मात्र उठता-बसता तो हात जोडत रस्त्यापर्यंत गेलेला बाप दिसायला लागला. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले.

सोमवारी चित्र सरांकडे नेलं. शुक्रवारी हॉल होता. सरांनी ते बघितलं आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"ह्या बाईंना मी ओळखतो," ते म्हणाले. "माझ्या बसला असायच्या, आडुतुरैला उतरायच्या. ह्या त्या नव्हेत."

मी चित्राची कड धरून उभी.

"आधी काय होतं इथे?" त्यांनी गालावर बोट ठेवलं.

"पांढरा लावला होता. भयंकर दिसत होतं."

"पांढरा होता तिथे?"

"कोड आहे सर त्यांना," मी जरा चिडूनच म्हटलं.

"ते मला ठाऊक आहे. मी विचारतोय, पांढरा होता का? बघितलास की ऐकलेलं लावलंस?" त्यांनी रंग खरवडायची सुरी माझ्या हातात दिली. "रंग अजून ओला आहे. खरवड. आणि बघायचं नसेल तर पुन्हा देव काढ. त्यात कमीपणा काही नाही."

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, अक्कांचा चेहरा खरवडला. रंगाचे गोळे सुरीवरून कागदावर पुसत होते आणि नाकातून पाणी वाहत होतं. कापडावर एक मळकट तपकिरी छाया तेवढी उरली.

मंगळवारी सकाळी अक्कांच्या खोलीच्या दारात गेले. त्या साडीच्या घड्या घालत होत्या.

"अक्का, माझं चुकलं. मी डाग झाकले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही, मलाच बघवेनात म्हणून. ते चित्र मी खरवडून टाकलंय. एकदा अजून बसाल?"

त्यांनी घडी पूर्ण केली, कपाटात ठेवली.

"तुझ्या प्रदर्शनासाठी?"

लबाडी करायची सोय नव्हती. "त्यासाठीही," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"एक तास. ह्या वेळी एका तासात झालं तर होईल."

"बसते. पण मुकाट्याने रंगवायचं नाही. कुठे काय लावतेस ते मोठ्याने सांगत लावायचं. मला ऐकू आलं पाहिजे."

बुधवारी त्या बसल्या. मी ब्रश उचलला आणि दातखीळ बसली. रंगवणं एक वेळ जमेल, पण हे बोलायचं? बाहेर ऊन चढत होतं, आणि उजेड सरकला की सगळा हिशोब बदलतो.

"बोल," अक्का म्हणाल्या.

"कपाळ," मी म्हटलं. "डावीकडे गव्हाळ. त्यात लाल. भुवईच्या वर जांभळट."

"पुढे."

"उजव्या डोळ्याखाली..." ब्रश उगाच फडक्याला पुसला. "उजव्या डोळ्याखाली कोड आहे."

सव्वीस वर्षांनी तो शब्द त्या खोलीत उच्चारला गेला. अक्कांची पापणी हलली नाही. "आहे," त्या म्हणाल्या. "कुठला रंग लावतेस त्याला?"

आणि मी बघितलं. पहिल्यांदा, खरंच. आणि पांढरा कुठे होता तिथे? डोळ्याखाली गुलाबी होता, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखा. गालाच्या फुगीर भागावर उन्हाचा पिवळा. खाली हनुवटीकडे भिंतीचा हिरवा उतरला होता, कारण तिथली कातडी जो रंग शेजारी असेल तो घेते. कडा तर सरळ नव्हत्याच, गव्हाळात बारीक बारीक बेटं होती. मी सांगत गेले. गुलाबी, इथे. पिवळा, ह्याच्यावर. हिरवा, हा असा आडवा. फटकारा मारायचे, हात काढून घ्यायचे. घोटायला वेळच नव्हता, कारण तोंड चालू होतं आणि तोंडाने नाव घेतलेला रंग तिथे लावणं भाग होतं. साडीची तपकिरी तर मी अक्षरशः थापली.

"ओठाच्या डाव्या कोपऱ्याला," मी म्हटलं, "फिकट."

"उजव्या. तुझा डावा तो माझा उजवा."

"उजव्या."

"आणि मानेवर?"

"मानेवर जास्त आहे. पदराच्या आतपर्यंत."

"अगं, पाठभर आहे," अक्का म्हणाल्या. "पाठ काढायची नाहीये म्हणून सुटलीस." आणि त्यांच्या ओठाचा तो फिकट कोपरा किंचित वर गेला. मी तो पकडला. एका फटकाऱ्यात. आयुष्यात पुन्हा तसा जमेल असं वाटत नाही.

नऊ वाजून गेले तेव्हा मी ब्रश खाली ठेवला. खांद्यातून कळ येत होती. अक्का उठल्या, गुडघे धरून दोन पावलं चालल्या आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या.

जवळून बघितलं तर नुसते रंगाचे पट्टे होते, एकमेकांवर आपटलेले. अक्का मागे सरत सरत दारापर्यंत गेल्या. तिथून बघितलं.

"ही मी," त्या म्हणाल्या.

मी रडले. मोठ्याने, लाज सोडून.

"हे हॉलमध्ये लावायचं नाही," अक्का म्हणाल्या.

रडणं जागच्या जागी थांबलं. "का? आता काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. पण हे माझ्या खोलीत लागेल."

मला राग आला. सांगून टाकते. माझ्या हातून निघालेलं पहिलं खरं चित्र, आणि ते जगाने बघायचं नाही? मी भांडायला तोंड उघडलं. पण ठरलं होतं ते ठरलं होतं, लावायचं की नाही ते त्या सांगणार. मी तोंड मिटलं. फार जड गेलं.

शुक्रवारी मी हॉलमध्ये रिकाम्या हाताने गेले. आठ चित्रं लागली होती, आणि आठव्यानंतर एक खिळा मोकळा होता. सरांनी विचारलं, मी सांगितलं, बोलणी ऐकून घ्यायची तयारी ठेवली. त्यांनी नुसती मान हलवली. मी त्या खिळ्याशेजारी अपराध्यासारखी उभी राहिले. लोक येत होते. आमच्या गल्लीतले, शाळेतल्या बायका, देवळातून परस्पर आलेली मंडळी.

साडेदहाच्या सुमाराला रिक्षातून अक्का उतरल्या. तीच तपकिरी साडी. पदर खांद्यावर, डोक्यावर नाही. सावकाश आठही चित्रं बघत बघत माझ्यापर्यंत आल्या. सरांनी एक खुर्ची आणून दिली. अक्का तिच्यात बसल्या, भिंतीला पाठ लावून, तोंड हॉलकडे.

"तुमचं चित्र कुठंय?" सरांनी तमिळमध्ये विचारलं, ठाऊक असून.

"घरी आहे," अक्का म्हणाल्या. "मी आलेय ना."

चित्रं बघत येणारी माणसं आठव्यापाशी संपायची आणि पुढे अक्का असायच्या. काहीजण ओळखीचे हसायचे. काहींची नजर गालावर जायची आणि चटका बसल्यासारखी दुसरीकडे वळायची. मी ती नजर ओळखत होते. सव्वीस वर्षं माझीही तीच होती. एक जरीची साडी नेसलेली बाई तशीच आली, बघितलं, आणि घाईने मान फिरवून खिळ्याकडे बघायला लागली.

"बघा की," अक्का तिला म्हणाल्या. "घाई कसली आहे."